मुलांचे वाकडे दात आणि लवकरचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहाव्या-सातव्या वर्षी पुढचे दात पडायला लागतात, नवे दात वेडेवाकडे येतात आणि घरात काळजी सुरू होते. मी मुलांच्या दातांवर आणि जबड्यांवर उपचार करते. पालक मला पुन्हा पुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एका जागी आणले आहेत. वाचताना एवढंच लक्षात ठेवा: तपासणी लवकर करायची असते, उपचार लवकर करायचेच असतात असं नाही. मोजक्याच तक्रारी वयासाठी थांबत नाहीत.

१. मुलाला ऑर्थोडॉन्टिस्टकडे (वाकडे दात आणि जबडे नीट बसवणाऱ्या दंततज्ज्ञांकडे) पहिल्यांदा कधी दाखवायचं?

सातव्या वर्षाच्या आसपास. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संघटनाही सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करून घ्यायला सांगते. तोवर पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात आलेले असतात. दाढांवरून दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात ते कळतं, पुढच्या दातांवरून जागेचा अंदाज येतो. बहुतेक मुलांना मी "सहा महिन्यांनी किंवा वर्षाने परत या" एवढंच सांगून घरी पाठवते. काही पालकांना ती फेरी वाया गेल्यासारखी वाटते, पण पुढच्या वेळी तुलना करायला हीच नोंद कामी येते.

खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल किंवा दुधाची दाढ वेळेआधी गेली असेल, तर सात वर्षं पूर्ण व्हायची वाट पाहू नका.

२. दुधाचे दात पडणारच आहेत, मग त्यांची एवढी काळजी कशाला?

कारण ते जागा धरून ठेवतात. वीस दुधाचे दात म्हणजे खाली तयार होणाऱ्या दातांसाठी राखून ठेवलेल्या वीस जागा. त्यातली सगळ्यात मोलाची म्हणजे शेवटची, म्हणजे दुसरी दुधाची दाढ. ती साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायला हवी. ती आधीच किडून गेली तर काय होतं, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

आणखी एक. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दातांमध्ये फटी असतील तर काळजी करू नका, ती चांगली खूण आहे. येणारे पुढचे दात दुधाच्या दातांपेक्षा बरेच रुंद असतात. दुधाचे दात मोत्यांच्या माळेसारखे एकमेकांना चिकटून बसले असतील, तर पुढे गर्दी होण्याची शक्यता उलट जास्त.

३. "सहा वर्षांची दाढ" कोणती? आमच्या मुलाची तर एकही दाढ पडलेली नाही.

म्हणूनच ती नजरेतून सुटते. ही कायमची दाढ कुठल्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, काहीच न पडता, गुपचूप वर येते. मधल्या रेषेपासून मागे मोजत जा, सहावा दात तोच. "दुधाचीच असेल" असं समजून पालक दुर्लक्ष करतात आणि आठव्या वर्षी ती किडलेली सापडते. आयुष्यभर लागणारी दाढ अशी जाताना पाहिली की मला फार वाईट वाटतं. ब्रश करताना तिच्यापर्यंत पोचा.

४. "पहिला टप्पा" आणि "दुसरा टप्पा" म्हणजे काय? दोनदा तारा लावाव्या लागतात का?

पहिला टप्पा म्हणजे दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असताना, साधारण सात ते दहा या वयात केलेला मर्यादित उपचार. तो एखादी ठरावीक अडचण दूर करण्यासाठी असतो आणि बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात संपतो. मग विश्रांती. जवळजवळ सगळे कायमचे दात आले की, साधारण अकरा ते तेरा वर्षांच्या सुमारास, गरज असेल तर दुसरा टप्पा म्हणजे पूर्ण ब्रेसेस.

पहिला टप्पा केला म्हणून दुसरा टळेल, असं कुणी खात्रीने सांगत असेल तर सावध व्हा. बहुतेक मुलांना दुसरा लागतोच. म्हणून पहिला सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारा: नेमकं काय दुरुस्त करायचंय, ते झालं हे कशावरून ठरवायचं, आणि आत्ता काहीच केलं नाही तर काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाचं ठोस उत्तर मिळालं नाही, तर थांबायला हरकत नाही.

५. मग कोणत्या तक्रारींसाठी खरंच थांबायचं नसतं?

माझ्या हिशेबात अशा तक्रारी थोड्याच आहेत. वरचा जबडा अरुंद असल्यामुळे खालचा जबडा मिटताना बाजूला सरकतो (प्रश्न १४). वरचा जबडा मागे राहिल्यामुळे किंवा एखाद-दुसरा दात आत अडकल्यामुळे पुढचा चावा उलटा आहे, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे आहेत (प्रश्न १३). वरचे दात इतके पुढे आहेत की पडझडीत तुटण्याची भीती आहे (प्रश्न १२). कायमचा दात वाटेत अडला आहे (प्रश्न २१ आणि २२). कायमचे पुढचे दात आले तरी अंगठा चोखणं सुटत नाही (प्रश्न १०).

साधी गर्दी, वळलेले दात आणि छोट्या फटी या यादीत मी मुद्दाम घातलेल्या नाहीत. दिसायला त्याच सगळ्यात जास्त खटकतात, पण त्यांना बहुधा वेळ देता येतो.

६. वरचे पुढचे दात फेंगडे आलेत आणि मध्ये मोठी फट आहे. लगेच तार लावायची का?

बहुधा नाही. साधारण सात ते अकरा वर्षांमधली ही नेहमीची अवस्था आहे. वैद्यकीय पुस्तकांत तिला "अग्ली डकलिंग स्टेज", म्हणजे कुरूप पिल्लाची अवस्था, म्हणतात. मुलांसमोर मी हे नाव कधी घेत नाही.

यामागे साधी गोष्ट आहे. वरचे कायमचे सुळे अजून हाडात, बरेच वर असतात. त्यांचा जाडजूड माथा शेजारच्या दातांच्या मुळांना टेकतो, मुळं आत दाबली जातात आणि दातांची टोकं पंख्यासारखी बाहेर फाकतात. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे खाली उतरू लागले की दाब मुळांवरून सरकून वरच्या भागावर येतो आणि फट आपोआप मिटत जाते. दोन मिलिमीटरपर्यंतची फट बहुतेकदा अशीच जाते.

या काळात घाईने तार लावून ते दात "सरळ" केले, तर मुळं थेट सुळ्याच्या माथ्यावर ढकलली जाण्याचा आणि झिजण्याचा धोका असतो. फट खूप मोठी असेल किंवा दोन दातांच्या मध्ये जादा दात असल्याची शंका असेल, तर एक्स-रे काढून पाहावं.

७. ओठाच्या आतला पडदा कापला तर फट बंद होईल का?

नुसता पडदा कापून फट क्वचितच जाते. सुळे यायच्या आधी कापला तर तिथे व्रणाची कडक पेशी तयार होते आणि तीच पुढे फट मिटायला आड येऊ शकते. सहसा सुळे येऊ द्यायचे, उरलेली फट तारेने मिटवायची आणि तरीही गरज वाटली तर मग पडदा कापायचा.

८. खालचे नवे दात दुधाच्या दातांच्या मागून आलेत, दोन रांगा दिसतात! काढून टाकू का?

घाबरू नका, हे खूप मुलांमध्ये दिसतं. दुधाचा दात हलत असेल तर मुलाला तो जिभेने, स्वच्छ बोटाने हलवत राहू द्या. तो पडला की जिभेच्या रेट्याने मागचा दात हळूहळू पुढे येतो. दोन-तीन महिन्यांत दुधाचा दात जराही हलला नाही, तर तो काढून घ्यावा. मात्र "जागा व्हावी" म्हणून शेजारचे चांगले दुधाचे दात काढायला सुचवलं, तर आधी प्रश्न १६ वाचा.

९. कीड लागल्यामुळे दुधाची दाढ काढावी लागली. जागा धरणारी पट्टी लावायलाच हवी का?

कोणती दाढ आणि कोणत्या वयात गेली, यावर ते अवलंबून आहे. दुसरी दुधाची दाढ सहा-सात वर्षांच्या वयात गेली तर बहुतेकदा हवीच. तिच्या मागची सहा वर्षांची दाढ मोकळ्या जागेत पुढे घसरते, आणि त्या जागी यायचा दात अडकून राहतो किंवा आडमार्गाने बाहेर येतो. एका दाढेला बसवलेलं कडं आणि पुढच्या दाताला टेकलेली तारेची कमान, एवढ्याशा उपकरणाने ती जागा राखता येते.

पहिली दुधाची दाढ गेली आणि मागची कायमची दाढ समोरच्या दाढेत घट्ट बसलेली असेल, तर जागा फारशी जात नाही. एक्स-रेमध्ये खालचा कायमचा दात उंबरठ्यावर दिसत असेल तर पट्टीची गरज नाही. वरचे पुढचे दुधाचे दात पडून गेले तरी जागेसाठी सहसा काही लावावं लागत नाही.

पट्टी बसवली म्हणजे काम संपलं, असं मात्र नाही. कडं सैल झालं तर त्याखाली कीड लागते. खालून दात येऊ लागला की पट्टी काढावी लागते. दर काही महिन्यांनी दाखवत राहा.

१०. मुलगी सात वर्षांची आहे आणि अजून अंगठा चोखते. ओरडून झालं, कडू औषध लावून झालं.

ओरडणं आधी बंद करा. तीन-चार वर्षांपर्यंत अंगठा चोखणं दातांच्या दृष्टीने फार गंभीर नसतं. कायमचे पुढचे दात यायच्या आधी सवय सुटली, तर वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये पडलेली मोकळी जागाही बऱ्याच अंशी आपोआप भरून येते. सात वर्षांनंतर चित्र बदलतं. वरचे दात पुढे येतात, तोंड मिटलं तरी समोर फट उरते आणि वरचा जबडा अरुंद होतो. मूल किती जोरात चोखतं यापेक्षा किती तास चोखतं, हे महत्त्वाचं. रात्रभर तोंडात असलेला अंगठा जास्त नुकसान करतो.

मूल स्वतः "मला सोडायचंय" म्हणेपर्यंत कुठलाच उपाय टिकत नाही. तेवढी तयारी झाली की कॅलेंडरवर कोरड्या अंगठ्याच्या रात्री तिनेच खुणा करायच्या. झोपेत हात आपोआप तोंडाकडे जात असेल, तर कोपराभोवती सैलसर इलॅस्टिक बँडेज गुंडाळा. हात वाकवताना जरा अडतो आणि तेवढ्यानेच बऱ्याच मुलांना जाग येते. बँडेज रक्त अडवण्याइतकं घट्ट नको. हे करूनही सुटलं नाही तर टाळूला बसवायची तारेची जाळी असते. ती शिक्षा म्हणून नाही, "तुला आठवण करून द्यायला" असं सांगूनच लावावी, आणि सवय सुटल्यानंतरही काही महिने ठेवावी.

११. मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं. दातांचा उपचार केला तर थांबेल का?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकामागच्या गाठी सुजल्या असतील, ॲलर्जी असेल, तर मूळ उपचार तिथे आहे. झोपेत श्वास अडतो आणि मूल दचकून उठतं, असं होत असेल तर अजिबात थांबू नका. वरचा जबडा रुंद केल्यावर नाकाच्या आतली जागा काहीशी वाढते, हे खरं. पण जबडा मुळात अरुंद नसताना केवळ घोरणं थांबवायला तो रुंद करणं मला पटत नाही.

१२. वरचे दात खूप पुढे आहेत, शाळेत चिडवतात. आठव्या वर्षीच उपचार करावा का?

यावर चांगला अभ्यास झालेला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि फ्लोरिडा, आणि ब्रिटनमध्ये मँचेस्टर इथे मुलांचे गट पाडून तुलना झाली. एका गटावर लवकर, दोन टप्प्यांत उपचार, दुसऱ्यावर पौगंडावस्थेत एकाच टप्प्यात. शेवटी दोन्ही गटांतल्या मुलांचे दात आणि जबडे जवळपास सारखेच निघाले. लवकर सुरू केल्याने जबडा जास्त वाढला आणि तसाच राहिला, असं दिसलं नाही. एक फायदा मात्र दिसला: लवकर उपचार झालेल्या मुलांमध्ये पुढच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण कमी होतं.

म्हणून माझा सल्ला असा. वरचे दात थोडेफार पुढे असतील आणि मूल मजेत असेल, तर वाढीचा वेग वाढण्याची वाट पाहा. मुलींमध्ये तो साधारण दहा ते बारा, मुलांमध्ये बारा ते चौदा या वयात वाढतो. तेव्हा ट्विन ब्लॉकसारखी, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी उपकरणं कमी वेळात काम करतात. हे उपकरण स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये वापरायला सुरुवात केली. त्याच्या परिणामातला मोठा भाग दात सरकण्याचा असतो, जबडा वाढण्याचा त्यामानाने थोडा.

पण ओठ दातांवर मिटतच नसतील, मूल वारंवार पडत असेल, एकदा दात तुटून झाला असेल, किंवा चिडवण्यामुळे ते शाळेत जायला तयार नसेल, तर लवकर उपचार करावा. चिडवणं हे माझ्या दृष्टीने "फक्त दिसण्याचं" कारण नाही. तोवर खेळताना माउथगार्ड वापरा.

१३. खालचे दात वरच्यांच्या पुढे आहेत. घरचे म्हणतात, मोठा झाल्यावर बघू.

ही तक्रार थांबवून ठेवू नका. आधी दोषाचं मूळ कुठे आहे ते ठरवावं लागतं. एखाद-दुसरा वरचा दात आत वळून खालच्यामागे अडकला असेल, तर साधी प्लेट किंवा थोड्या तारा काही महिन्यांत काम करतात. तसाच राहू दिला तर समोरच्या खालच्या दाताची हिरडी खाली उतरते आणि दातांच्या कडा झिजतात.

वरचा जबडाच मागे राहिला असेल, तर चेहऱ्यावर लावायचा फेसमास्क वापरतात. कपाळ आणि हनुवटीवर आधार घेऊन तो रबरांनी वरचा जबडा पुढे ओढतो. साधारण दहा वर्षांच्या आत याचा उपयोग जास्त होतो, कारण जबड्याभोवतीच्या हाडांच्या शिवणी तेव्हा सैल असतात. रोज बारा ते चौदा तास, म्हणजे संध्याकाळपासून सकाळपर्यंत, लावावा लागतो. ब्रिटनमधल्या एका तुलनात्मक अभ्यासात सहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा फेसमास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्के आणि न लावलेल्यांपैकी ६६ टक्के मुलांना जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज आहे असं तज्ज्ञांना वाटलं.

या आकड्याची दुसरी बाजूही पाहा. फेसमास्क लावूनही तिघांतल्या एकाला शस्त्रक्रिया लागू शकते. खालचा जबडा पौगंडावस्थेत पुन्हा वेग घेतो, आणि घरात आई, वडील किंवा आजोबांची हनुवटी तशीच असेल तर ही शक्यता वाढते. हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते आणि वाढ पूर्ण होईपर्यंत मुलाला पाहत राहते.

१४. तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला जाते. हे कसं ओळखायचं?

मुलाला आरशासमोर बसवा. तोंड मोठं उघडायला सांगा आणि अगदी सावकाश मिटायला लावा. वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेषांवर नजर ठेवा. उघड्या तोंडात रेषा जुळतात आणि शेवटच्या क्षणी खालची रेषा एका बाजूला घसरते, असं दिसलं तर वरचा जबडा अरुंद असण्याची शक्यता मोठी. दाढा नीट बसाव्यात म्हणून मूल जबडा सरकवतं. वर्षानुवर्षं असंच चालू राहिलं तर दोन्ही बाजू असमान वाढू शकतात.

कधीकधी दोष फक्त एका दुधाच्या सुळ्याच्या टोकाचा असतो आणि ते टोक जरासं घासून काम होतं. नाहीतर वरचा जबडा रुंद करावा लागतो. टाळूच्या मधोमध हाडांची शिवण असते. ती लहान वयात सहज उघडते, किशोरवयाच्या शेवटाकडे मात्र घट्ट होत जाते.

१५. एक्स्पान्डरची (वरचा जबडा रुंद करणाऱ्या उपकरणाची) किल्ली घरी फिरवायची भीती वाटते. आणि आठवड्यात पुढच्या दातांत फट पडली!

फट पडली म्हणजे शिवण उघडते आहे. फिरवणं संपलं की ती काही आठवड्यांत आपोआप मिटू लागते. तुम्ही काही चुकवलेलं नाही.

किल्लीबद्दल. मुलाला पलंगावर आडवं करा, डोकं तुमच्या मांडीवर, मान मागे. दुसऱ्या कुणाला टॉर्च धरू द्या. किल्लीला आधीच लांब दोरा बांधून मनगटाला गुंडाळा, म्हणजे निसटली तरी घशात जाणार नाही. स्क्रूच्या पुढच्या छिद्रात किल्ली नीट बसवा आणि घशाच्या दिशेने मागे ढकला. पुढचं छिद्र पूर्ण दिसेपर्यंत ढकलायची, अर्ध्यात सोडली तर दुसऱ्या दिवशी किल्ली बसत नाही. मग किल्ली मागे आणि खाली झुकवून काढा, सरळ पुढे ओढली तर स्क्रू परत फिरतो. अशी एक फेरी बहुतेक उपकरणांत पाव मिलिमीटर असते. मुलाला नाकाच्या मुळाशी किंवा टाळूत मिनिटभर दाब जाणवतो, मग ओसरतो. दिवसाला किती फेऱ्या, ते तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका.

पहिले काही दिवस लाळ जास्त येते आणि बोलणं बोबडं होतं. स्क्रू फिरवणं थांबलं तरी उपकरण काही महिने तोंडात ठेवतात. उघडलेल्या शिवणीत हाड भरायला तेवढा वेळ लागतो.

१६. आत्ता जबडा रुंद केला तर पुढे दात काढावे लागणार नाहीत ना?

असं आश्वासन मी देत नाही. वरचा जबडा अरुंद असेल तर रुंद केल्याने थोडी जागा मिळते. पण खालच्या जबड्यात तशी शिवणच नसते, ती जन्मानंतर पहिल्या वर्षात जुळून जाते. खालचे दात जबरदस्तीने बाहेर ढकलले तर ते परत आत येऊ पाहतात.

खालच्या जागेसाठी एक साधी गोष्ट आहे. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या कायमच्या दातांपेक्षा रुंद असतात. त्या पडताना खाली प्रत्येक बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जागा सुटते. मागची दाढ पुढे सरकून ती जागा खाते. जिभेच्या बाजूने एक तारेची कमान लावून दाढेला थोपवलं, तर तीच जागा पुढच्या गर्दीला वापरता येते.

गर्दी फारच असेल, तर दुधाचे सुळे, मग पहिल्या दुधाच्या दाढा आणि शेवटी त्याखालचे कायमचे दात, असे क्रमाने काढत जाण्याची पद्धत आहे. जबडे एकमेकांवर नीट बसत असतील आणि जागा खूपच कमी असेल, तरच ती योग्य. पूर्ण योजना समोर नसताना फक्त पहिली पायरी म्हणून दुधाचे सुळे काढू नयेत. खालचे पुढचे दात आत कलतात आणि जागा उलट कमी होते.

१७. रबरी ट्रेनर किंवा पारदर्शक अलाइनर मुलांना चालतात का?

अलाइनरने निवडक मुलांचे दात सरळ करता येतात, मूल ते लावत असेल तर. साध्या अलाइनरने टाळूची शिवण उघडत नाही. ट्रेनरचा उपयोग सवयी सुधारायला थोडाफार होऊ शकतो. पण जबडा वाढेल, पुढे ब्रेसेस लागणारच नाहीत, या जाहिरातींना भक्कम पुरावा नाही.

१८. इतक्या लहान वयात एक्स-रे सुरक्षित आहे का?

सगळे दात एकत्र दाखवणाऱ्या ओपीजीतून मिळणारा किरणोत्सर्ग, आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतो साधारण तेवढाच असतो. तरीही उत्तरामुळे उपचार बदलणार असेल तेव्हाच काढावा. आधीचा एक्स-रे जपून ठेवा आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना सोबत न्या.

१९. दुखेल का? ब्रश कसा करायचा?

नवं उपकरण लावल्यावर दोन-तीन दिवस दात ठणकतात, मऊ खाणं द्यावं. तार टोचली तर मेण लावा. ब्रश दिवसातून दोनदा, फ्लोराइड असलेल्या पेस्टने, आणि दहा वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या देखरेखीत. तारांभोवती पांढरे डाग दिसू लागले तर ती किडीची सुरुवात आहे. स्वच्छता सुधारत नसेल, तर मी उपचार मध्येच थांबवते. सरळ पण किडलेले दात कुणालाच नको असतात.

२०. मूल प्लेट लावतच नाही. आता काय?

डॉक्टरांना खरं सांगा, रागावण्यासारखं त्यात काही नाही. प्लेट बोचते का, बोलता येत नाही म्हणून शाळेत लाज वाटते का, ते आधी पाहावं. कधी ती घासून देणं पुरतं, कधी चिकटवलेलं उपकरण देता येतं. मूल मनाने तयार नसेल आणि तक्रार प्रश्न ५ मधली नसेल, तर वर्षभर थांबावं. नाइलाजाने ओढत नेलेल्या पहिल्या टप्प्यामुळे मूल दुसऱ्या टप्प्याआधीच कंटाळून जातं.

२१. वरचा एक पुढचा दात आला, शेजारचा येतच नाही. किती वाट पाहायची?

सहा महिने. जोडीचा दात येऊन त्यापेक्षा जास्त काळ गेला असेल, किंवा बाजूचा दुसरा दात मधल्याच्या आधी आला असेल, तर एक्स-रे काढा. हाडात जादा दात वाट अडवून बसलेला असू शकतो. लहानपणी पडून दुधाच्या दाताला मार बसला असेल, तर कायमच्या दाताचं मूळ वाकलेलं असू शकतं. "दोन वर्षांची असताना पायरीवर पडली होती" असं एखादी आई सहज बोलून जाते, आणि ती गोष्ट निदानाला फार उपयोगी पडते. आठवत असेल तर आवर्जून सांगा.

२२. मुलगी दहा वर्षांची आहे. सुळे आले नाहीत, पण ते तर उशिराच येतात ना?

येतात अकरा-बाराला, पण शोधायचे दहाव्या वर्षी. हात स्वच्छ धुऊन तर्जनी वरच्या ओठाखाली घाला आणि दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीवरून फिरवा. दोन्ही बाजूंना टणक फुगवटा लागायला हवा. एका बाजूला लागतो आणि दुसरीकडे सपाट लागतं, तर डॉक्टरांकडे जा. सुमारे दोन टक्के लोकांमध्ये वरचा सुळा वाट चुकतो, बहुतेकदा टाळूकडे.

वेळेत सापडला तर इलाज अगदी लहान असू शकतो: दुधाचा सुळा काढणं. एरिकसन आणि क्युरोल या स्वीडिश संशोधकांनी १९८८ मध्ये दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचे असे ४६ सुळे तपासले. दुधाचा सुळा काढल्यावर त्यांतले ३६ योग्य वाटेला लागले. पुरेशी जागा आहे का, हे आधी पाहावं लागतं. आणि वर्षभरात सुळ्याची दिशा बदलली नाही, तर पुढचा उपाय ठरवावा लागतो. उशीर झाला तर हिरडी उघडून सुळ्याला साखळी लावून ओढावं लागतं, आणि मधल्या काळात तो शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो.

२३. एक दुधाची दाढ बाकीच्यांपेक्षा खाली बुडाल्यासारखी दिसते.

ती हाडाला चिकटली आहे. शेजारचे दात वाढीबरोबर वर येतात, ती तिथेच राहते. खाली कायमचा दात असेल तर ती बहुतेकदा थोड्या उशिराने स्वतःच पडते. शेजारचे दात तिच्यावर कलू लागले तर काढावी.

एक्स-रेत खाली कायमचा दातच नाही असं दिसलं, तर निर्णय बदलतो. खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या, म्हणजे दुसऱ्या दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या दाताच्या बाबतीत हे बऱ्याचदा घडतं. चांगली दुधाची दाढ कित्येक वर्षं टिकवता येते, किंवा ती लवकर काढून मागची दाढ पुढे येऊ देता येते. हे जबड्यातली एकूण जागा पाहूनच ठरवायचं.

२४. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिली. कुणाचं ऐकायचं?

प्रश्न ४ मधले तीन प्रश्न दोघांनाही विचारा. "आत्ताच करा" आणि "थांबू या" ही दोन्ही मतं प्रामाणिक असू शकतात, विशेषतः पुढे आलेल्या दातांच्या बाबतीत. आजच पैसे भरा, असा दबाव कुणी आणत असेल तर उठून या. आठवडाभर विचार केल्याने कुठलाही जबडा बिघडत नाही.

२५. मुलाला आधीपासून दुसरा आजार आहे, किंवा ओठ-टाळू फाटलेला होता. काही वेगळं करावं लागतं का?

हृदयाचा जन्मजात दोष असेल, तर दाढेला कडं बसवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. हिरडीतून थोडं रक्त येऊ शकतं आणि काही मुलांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. रक्त लवकर न थांबण्याचा आजार असेल तर तोही आधी सांगा. फिट येत असतील, तर काढता-घालता येणारी सैल प्लेट झटक्यात तुटून घशात जाऊ शकते, तिथे पक्कं बसवलेलं उपकरण बरं. स्वस्त कानातलं घातल्यावर कानाला पुरळ येत असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते, नेहमीच्या स्टीलच्या तारांत निकेल असतं, पर्याय मिळतात.

फाटलेल्या टाळूच्या मुलांचं वेळापत्रक वेगळंच असतं. हिरडीच्या फटीत हाड भरण्याची शस्त्रक्रिया साधारण आठ ते अकरा वर्षांमध्ये, कायमचा सुळा तिथे उतरण्याआधी करतात, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळतं. त्याआधी बहुतेकदा वरचा जबडा रुंद करून घ्यावा लागतो. म्हणून या मुलांना सातव्या वर्षाआधीच दाखवा आणि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर व ऑर्थोडॉन्टिस्ट यांची एकमेकांशी गाठ घालून द्या. सुळा किती खाली आला आहे, ते एक्स-रेवर पाहून दोघांनी मिळून तारीख ठरवायची असते.